राउटरमागचा इंटरनेट फोन: एकतर्फी आवाज आणि ३२ सेकंदांत तुटणारे कॉल

फोन रजिस्टर झालेला असतो, स्क्रीनवर हिरवी खूण असते, नंबर लागतो, पलीकडचा माणूस फोन उचलतो आणि तुम्ही "हॅलो, हॅलो" करत राहता. त्याला तुमचा शब्द न् शब्द ऐकू जातो, तुमच्या कानात मात्र शुकशुकाट. किंवा बोलणं सुरू होतं आणि साधारण अर्ध्या मिनिटात कॉल आपोआप तुटतो. अशा वेळी बरेच जण नेटचा स्पीड वाढवून घेतात. स्पीडचा इथे काही संबंध नाही. चूक पत्त्यात असते, आणि तो पत्ता दुरुस्त करण्याचं काम कोणीतरी एकानेच करायचं असतं: फोनने, राउटरने किंवा फोनसेवेच्या सर्व्हरने. दोघांनी मिळून केलं की बिघडतं. खालची बहुतेक सेटिंग्ज या एका गोष्टीसाठी आहेत.

नेमकं अडतं कुठे

इंटरनेट फोनवर दोन वेगळे प्रवाह चालतात. कॉल लावणं, घंटा वाजवणं, ठेवणं ही बोलणी 'सिप' करतं, सहसा ५०६० पोर्टवरून (पोर्ट म्हणजे पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक). प्रत्यक्ष आवाज 'आरटीपी'च्या पाकिटांतून जातो, आणि त्याचा पोर्ट प्रत्येक कॉलच्या वेळी नव्याने ठरतो. तो ठरतो सिपच्या संदेशात लिहिलेल्या मजकुरावरून. घोडं तिथेच पेंड खातं.

समजा, एका मोठ्या सोसायटीतल्या माणसाने पत्र लिहिलं आणि आत "उत्तर बी-३०४ ला पाठवा" एवढंच लिहिलं. गेटवरच्या वॉचमनने पाकिटावर सोसायटीचं नाव आणि रस्ता घातला, पण आतलं पत्र उघडलं नाही. पत्र पोचेल, उत्तर पोचणार नाही, कारण बी-३०४ गावभर आहेत. राउटर हेच करतो. तुमच्या फोनचा १९२.१६८.१.२० हा घरातला पत्ता तो पाकिटावर बदलतो आणि तिथे बाहेरचा खरा पत्ता घालतो. पण सिप संदेशाच्या पोटात आवाजाविषयीची एक चिठ्ठी असते. तिच्यात 'सी'ने सुरू होणाऱ्या ओळीत आयपी पत्ता असतो आणि 'एम'ने सुरू होणाऱ्या ओळीत पोर्ट. तिथे १९२.१६८.१.२० आणि ५००४ तसेच राहतात. सर्व्हरने चिठ्ठीवर विश्वास ठेवून आवाज तिकडे पाठवला की तो हवेत विरतो. तुमचा आवाज मात्र सर्व्हरच्या खऱ्या पत्त्यावर जात असतो, म्हणून समोरच्याला सगळं ऐकू येतं.

चांगल्या कंपनीचा सर्व्हर हे ओळखतो. चिठ्ठीतला पत्ता आणि पाकिटावरचा पत्ता जुळत नाहीत असं दिसलं की तो चिठ्ठी बाजूला ठेवतो आणि ज्या दारातून तुमचा आवाज आला त्याच दारात उत्तराचा आवाज परत पाठवतो. म्हणजे पत्ता दुरुस्त करणारा एकजण आधीच कामावर हजर आहे. तुम्ही फक्त त्याच्या आड येऊ नका.

हात लावण्याआधी

पहिली गोष्ट, तुमचा फोन फायबरची तार जिथे घरात संपते त्या ओएनटी डब्याच्या 'टेल' किंवा 'पॉट्स' लिहिलेल्या भोकात लावलेला आहे का? असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तो आवाज सहसा कंपनीच्या वेगळ्या व्हीलॅनमधून, म्हणजे त्याच तारेवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमधून जातो, तुमच्या राउटरच्या सेटिंगशी त्याचा संबंध नसतो. तक्रार कंपनीकडेच नोंदवा.

दुसरी गोष्ट, बाहेरचा पत्ता. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' पाहा आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी' शोधून येणाऱ्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही एकच असतील तर उत्तम. वॅन आयपी १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होत असेल, तर तुमच्या राउटरच्या पुढे बहुधा आणखी एक राउटर आहे. हा दुसरा राउटर बहुतेक वेळा ओएनटीच असतो. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर नेट कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. काही कंपन्या त्यासाठी १० चा टप्पाही वापरतात. अशा लाइनवर बाहेरच्या सर्व्हरवर रजिस्टर होणारा फोन नीट चालतो. स्वतःचा सर्व्हर घरी ठेवून बाहेरून त्याच्यापर्यंत पोचायचं असेल तर मात्र स्टॅटिक आयपी विकत घ्यावा लागतो किंवा व्हीपीएनचा रस्ता धरावा लागतो.

घरात एकापाठोपाठ दोन राउटर असतील तर त्यातल्या एकाचं पत्ते बदलण्याचं काम बंद करा. सोपा उपाय म्हणजे आपला राउटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाकणे. तो पर्याय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता ओएनटीपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, आणि ओएनटीची केबल वॅनऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. अधिक नेटका उपाय म्हणजे ओएनटी 'ब्रिज मोड'मध्ये घालून पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीच्या जोडणीचं लॉगिन आपल्या राउटरवर आणणे. त्याआधी पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक कंपनीकडून लेखी मागून घ्या. हे हातात नसताना ब्रिज केलं तर नेटही जातं आणि मदत मागायचा रस्ताही.

सिप एएलजी बंद करा

एका कामाने सगळ्यात जास्त तक्रारी मिटतात, ते हे. 'सिप एएलजी' म्हणजे वॉचमनने पत्र उघडून आतला पत्ता खोडून नवा लिहिणे. कल्पना चांगली होती. पण स्वस्त राउटरमध्ये ते अर्धवट होतं. एका ओळीतला पत्ता बदलला जातो, दुसरीतला राहतो. मोठा संदेश दोन तुकड्यांत आला तर दुसऱ्या तुकड्याकडे लक्षच जात नाही. त्याहून वाईट म्हणजे, चिठ्ठीतला पत्ता बदलल्यामुळे सर्व्हरला तो पाकिटावरच्या पत्त्याशी जुळलेला दिसतो. हा फोन राउटरमागे नाहीच, असा त्याचा समज होतो आणि तो आपली दुरुस्ती थांबवतो. एक मदतनीस दुसऱ्याला घरी पाठवतो तो असा.

टीपी-लिंकमध्ये हा पर्याय 'ॲडव्हान्स्ड'खाली 'नॅट फॉरवर्डिंग' किंवा 'सिक्युरिटी'मध्ये 'एएलजी' नावाने सापडतो. मिक्रोटिकमध्ये 'आयपी', 'फायरवॉल', मग 'सर्व्हिस पोर्ट्स'मध्ये जाऊन 'सिप'ची ओळ निष्क्रिय करा. आसुसमध्ये 'वॅन'खालच्या 'नॅट पासथ्रू'मध्ये सिप आहे. नेटगिअरमध्ये जपून: तिथे 'वॅन सेटअप'मध्ये 'डिसेबल सिप एएलजी' असं लिहिलेलं असतं, म्हणजे खूण काढायची नाही, करायची. पीएफसेन्समध्ये एएलजी मुळात नसतोच, पण ते बाहेर जाताना पोर्टचा आकडा बदलतं. तिथे स्वतःचा सर्व्हर असेल तर फक्त त्या सर्व्हरच्या पत्त्यापुरता 'स्टॅटिक पोर्ट'चा नियम घाला. दोन राउटर मागेपुढे असतील तर एएलजी दोन्हीकडे तपासा. ओएनटीवरचा बंद करायला विसरणं ही नेहमीची चूक आहे.

खूण बदलून 'सेव्ह' केलं म्हणजे झालं असं नाही. राउटरच्या आत चालू जोडण्यांची यादी असते आणि जुन्या जोडण्या जुन्याच नियमाने चालत राहतात. राउटर रीस्टार्ट करा, आणि तो पूर्ण वर आल्यावर फोनही. एएलजी बंद करायची सोयच राउटरने दिलेली नसेल, तर फोनवर सिपचा वाहक यूडीपी या साध्या, उघड्या पद्धतीऐवजी टीएलएस निवडा, पोर्ट ५०६१. संदेश कुलूपबंद झाला की राउटरला तो वाचताही येत नाही, बदलताही येत नाही. अर्थात सेवा देणाऱ्याकडे टीएलएसची सोय असायला हवी.

फोनमधली सेटिंग्ज

घरातला जुना टेलिफोन नेटवर आणायचा असेल तर ॲडॅप्टर लागतो. एका फोनसाठी ग्रँडस्ट्रीमचा एचटी८०१ पुरतो, दोनसाठी एचटी८०२. त्याला स्क्रीन नसते, म्हणून त्याचा पत्ता कानाने घ्यायचा: लावलेल्या टेलिफोनचा रिसीव्हर उचला, स्टारचं बटण तीनदा दाबा, मेनूची सूचना आली की ०२ दाबा. यंत्र एकेक आकडा बोलून आपला आयपी सांगतं. तो ब्राउझरमध्ये टाका म्हणजे सेटिंगचं पान उघडेल. हा पत्ता राउटरच्या 'ॲड्रेस रिझर्वेशन'मध्ये पक्का करून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा शोधाशोध.

खात्याच्या पानावर सर्व्हर, सिप यूजर आयडी, ऑथेंटिकेट आयडी आणि पासवर्ड भरायचे. यूजर आयडी आणि ऑथेंटिकेट आयडी काही कंपन्यांत वेगळे असतात, तिथे हमखास चूक होते. 'आउटबाउंड प्रॉक्सी' दिलेली असेल तर ती भराच. रजिस्टर होत नसेल तर उत्तराचा आकडा पाहा. ४०१ एकदा येणं स्वाभाविक आहे, तो पासवर्ड मागण्याचा भाग आहे. पुन्हा पुन्हा ४०१ किंवा ४०३ म्हणजे माहिती चुकली किंवा खातं अडवलं आहे. ४०८ म्हणजे उत्तरच आलं नाही, तेव्हा सर्व्हरचं नाव, डीएनएस आणि फायरवॉल पाहा.

'नॅट ट्रॅव्हर्सल'च्या रकान्यात 'कीप-अलाइव्ह' ठेवा. 'स्टन' निवडायचा मोह आवरा. स्टन म्हणजे फोनने स्वतःच आपला बाहेरचा पत्ता विचारून चिठ्ठीत लिहिणे. सर्व्हर दुरुस्ती करत असताना ही आणखी एक दुरुस्ती होते. शिवाय काही राउटर प्रत्येक नव्या ठिकाणासाठी वेगळा पोर्ट उघडतात, आणि तिथे स्टनने आणलेला आकडा चुकीचाच असतो. सेवा देणाऱ्याने स्पष्ट सांगितलं तरच स्टन लावा.

कीप-अलाइव्हचं अंतर २० ते ३० सेकंद ठेवा. यूडीपीवर काही हालचाल नसली की राउटर उघडलेलं दार बंद करतो, आणि काही राउटर ३० सेकंदांतच करतात. दार बंद झालं की तुमचे जाणारे कॉल लागतात, येणारे मात्र लागत नाहीत. "सकाळी फोन चालू केला की थोडा वेळ बरा असतो, मग कोणाचा फोन लागत नाही" या तक्रारीचं मूळ बहुधा हेच. रजिस्ट्रेशनची मुदत ५ मिनिटं पुरेशी आहे. ग्रँडस्ट्रीममध्ये हा आकडा मिनिटांत लिहायचा असतो, यीलिंकमध्ये सेकंदांत. म्हणजे एकात ५, दुसऱ्यात ३००. यीलिंकमध्ये चुकून ५ लिहिलं तर फोन सर्व्हरवर धडका मारत राहतो आणि काही सर्व्हर त्याला थेट बंदी घालतात.

एका राउटरमागे पाच-सहा फोन असतील तर प्रत्येकाला वेगळा स्थानिक सिप पोर्ट द्या: ५०६०, ५०६२, ५०६४ असे. चांगला राउटर ते स्वतः सांभाळतो, साधा राउटर सांभाळेलच असं नाही, आणि मग एकाचा कॉल दुसऱ्याच्या टेबलावर वाजतो.

कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतींत) पहिलं 'पीसीएमए' ठेवा, भारतात जी.७११ चा हाच प्रकार चालतो. 'डीटीएमएफ', म्हणजे दाबलेल्या बटणांचे आकडे पाठवण्याची पद्धत, आरएफसी २८३३ वर ठेवा. आवाजातून आकडे पाठवण्याची पद्धत जी.७२९ सारख्या दाबलेल्या कोडेकवर बिघडते, आणि मग बँकेच्या मेनूत कितीही बटणं दाबली तरी पुढे सरकत नाही.

आवाज तुटक येतो तेव्हा

जी.७११ च्या एका पाकिटात २० मिलिसेकंदांचा आवाज असतो, म्हणजे १६० बाइट. त्यावर पत्त्यांचं ओझं ४० बाइट. सेकंदाला ५० पाकिटं, म्हणजे प्रत्येक दिशेला ८० केबीपीएस, इथरनेटचं वेष्टण धरून ८७. एकाच वेळी पाच कॉल चालले तरी अर्धा एमबीपीएसही लागत नाही. मग १०० एमबीपीएसच्या लाइनवर आवाज का तुटतो? कारण ऑफिसातल्या कुणीतरी मोठी फाइल चढवायला घेतली की राउटरच्या रांगेत ती पाकिटं दाटीवाटीने उभी राहतात आणि आवाजाचं छोटं पाकीट त्यांच्यामागे अडकतं.

हे डोळ्यांनी पाहता येतं. कॉम्प्युटरवरून ८.८.८.८ ला सतत पिंग लावा. रिकाम्या लाइनवर समजा १० मिलिसेकंद येतात. आता मोठी फाइल अपलोडला लावा. आकडा २०–३० पर्यंत गेला तर ठीक. ३०० च्या घरात गेला तर रोग सापडला. राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा 'एसक्यूएम' (पाकिटांची रांग सांभाळणारी सोय) चालू करून अपलोड मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. वेग थोडा मुद्दाम सोडल्यामुळे रांग तुमच्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे कोणाला पुढे सोडायचं ते तुम्ही ठरवू शकता. आवाजावर फोनने डीएससीपी ४६ ही प्राधान्याची खूण करावी आणि राउटरने ती मानावी. ही खूण तुमच्या घरापुरतीच, बाहेरच्या इंटरनेटवर तिला कोणी विचारत नाही. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात.

टेबलावरचा फोन वाय-फायवर ठेवू नका. केबल ओढणं शक्य असेल तर ओढाच.

ऑफिसात स्वतःचा सर्व्हर असेल तर

इथे पत्ता दुरुस्त करण्याची जबाबदारी तुमच्या सर्व्हरची. फ्रीपीबीएक्स या ऑफिस-एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ॲस्टरिस्क सिप सेटिंग्ज' उघडा. 'एक्स्टर्नल ॲड्रेस'मध्ये बाहेरचा स्थिर आयपी, आणि 'लोकल नेटवर्क्स'मध्ये ऑफिसातली सगळी नेटवर्क. सगळी म्हणजे सगळी. कॉम्प्युटर १९२.१६८.१ मध्ये आणि फोन १९२.१६८.२० मध्ये असतील आणि तुम्ही पहिलंच लिहिलं, तर सर्व्हर शेजारच्या टेबलावरच्या फोनलाही बाहेरचा पत्ता देतो आणि इमारतीच्या आतलेच कॉल मुके होतात. बाहेरून जोडणाऱ्या एक्स्टेन्शनसाठी 'डायरेक्ट मीडिया' बंद, 'आरटीपी सिमेट्रिक', 'फोर्स आरपोर्ट' आणि 'रीराइट कॉन्टॅक्ट' चालू.

पोर्ट फॉरवर्ड कधी? सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर थेट रजिस्टर होणाऱ्या फोनसाठी कधीच नाही. स्वतःच्या सर्व्हरसाठीही ट्रंक (सेवा देणाऱ्याकडून येणारी लाइन) रजिस्टर होत असेल तर बहुधा गरज नसते. लागलंच तर ५०६० फक्त सेवा देणाऱ्याच्या आयपीसाठी उघडा, आणि आरटीपीचा १०००० ते २०००० हा अवाढव्य टप्पा लहान करा. प्रत्येक कॉलला दोन टोकं, प्रत्येक टोकाला दोन पोर्ट, म्हणजे दहा कॉलना ४०. शंभर पोर्ट भरपूर झाले, मात्र सर्व्हर आणि राउटर दोन्हीकडे टप्पा एकच हवा. घरून काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएन लावा. वायरगार्डचा एक यूडीपी पोर्ट, ५१८२०, उघडला की पुरतं.

५०६० जगाला उघडा ठेवला तर काही तासांतच यंत्रं पासवर्ड चाचपायला येतात. १००१ नावाच्या एक्स्टेन्शनला १००१ हाच पासवर्ड ठेवला असेल, तर रात्रीतून परदेशी महागड्या नंबरांवर कॉल जातात आणि बिल तुमच्या नावावर येतं. आयएसडी बंद ठेवा, लागलं तर ठरावीक देशांपुरतं उघडा. ट्रंक परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्या. सिम घातलेल्या डब्यातून परदेशी कॉल देशी नंबरवर फिरवणं हा भारतात गुन्हा आहे, कुणी कितीही स्वस्त देऊ केलं तरी.

तक्रारीवरून मूळ कसं ओळखायचं

कॉल ३२ सेकंदांनी तुटतो: फोन उचलल्यावर 'पोच मिळाली' असा शेवटचा संदेश परत पोचत नाहीये. सिपमध्ये त्याची वाट पाहायची मुदत अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट आहे, म्हणजे ३२ सेकंद. एएलजी पाहा, नंतर सर्व्हरचा बाहेरचा पत्ता.

कॉल बरोबर १५ मिनिटांनी तुटतो: 'सेशन टायमर'. त्याची नेहमीची मुदत १८०० सेकंद असते आणि अर्ध्या वेळाला नूतनीकरणाचा संदेश जातो. तो मधल्या फायरवॉलमध्ये हरवतो. कीप-अलाइव्ह तपासा, तरीही राहिलं तर फोनवरचा सेशन टायमर बंद करून पाहा.

रात्री दोनला घंटा वाजते, स्क्रीनवर १०० किंवा १००१, उचललं तर कोणी नाही: हे कॉल सेवा देणाऱ्याकडून आलेले नसतात, चाचपणी करणारं यंत्र थेट तुमच्या फोनवर पोचलेलं असतं. पोर्ट फॉरवर्ड आणि 'डीएमझेड' (एका यंत्राची सगळी दारं बाहेर उघडी ठेवणारं सेटिंग) काढा. ग्रँडस्ट्रीममध्ये 'फक्त सिप प्रॉक्सीकडून आलेले संदेश घ्या' या अर्थाचा पर्याय आहे, तो चालू करा. यीलिंकमध्येही तसाच आहे.

लाइन गेली आणि परत आली, बाकी सगळं चालू, फोन मात्र रजिस्टर होत नाही: पत्ता बदलला, पण राउटरच्या यादीत फोनची जुनी जोडणी जुन्याच पत्त्याने नोंदलेली राहिली. फोन दर काही सेकंदांनी कीप-अलाइव्ह पाठवत असल्याने ती नोंद कधी शिळीच होत नाही. सगळे फोन ५ मिनिटं बंद ठेवा किंवा राउटर रीस्टार्ट करा. दोन कंपन्यांच्या लाइन असलेल्या ऑफिसात हे वारंवार होतं. तिथे लाइन बदलली की जुन्या जोडण्या पुसण्याचा पर्याय राउटरमध्ये शोधून चालू ठेवा.

वीज आणि अपडेट

वीज गेली की राउटर, ओएनटी आणि ॲडॅप्टर तिन्ही बंद, म्हणजे फोनही बंद. ओएनटी आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात, त्यांना छोटा डीसी यूपीएस लावता येतो. घेण्याआधी डब्याखालच्या चिठ्ठीवरचा व्होल्टेज आणि अँपिअर वाचा, आणि सगळ्यांचे अँपिअर मिळवून त्याहून वरचा यूपीएस घ्या. ग्रँडस्ट्रीमचे लहान ॲडॅप्टर ५ व्होल्टचे असतात, त्यांना १२ व्होल्टची पिन चुकूनही लावू नका. ११२ साठी मोबाइल चार्ज करून जवळ ठेवा, नेटच्या फोनवर विसंबू नका.

सगळं सुरळीत झालं की राउटर आणि फोन दोन्हींच्या सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून ठेवा. फर्मवेअर अपडेटनंतर किंवा ओएनटी बदलल्यावर काही डबे सिप एएलजी गुपचूप पुन्हा चालू करतात. चांगला चाललेला फोन एका सकाळी एकाएकी मुका झाला, तर आधी तिथेच जाऊन पाहा.